पाच डझनी खोका

बदलीचा कागद आला तेव्हा
मी काउंटरवर दुसऱ्यांच्या पार्सलांवर शिक्के मारत होते.
देवगडहून श्रीवर्धन. आठ दिवसांत हजर व्हा.
इतकी वर्षं लोकांना सांगत आले,
आत काच असेल तर नीट बांधा हो, फुटली तर पोस्ट जबाबदार नाही.
आता माझीच काच.

घरी येऊन कपाट उघडलं.
कप पाच. सेट सहाचा,
सहावा गुहागरहून इथे येताना गेला.
आईच्या नऊवारीत इतका गच्च गुंडाळला होता
की सोडेपर्यंत कळलंच नाही,
आणि कळल्यावरही तुकडे कपाच्याच आकारात उभे.

समोरच्या कलमांत हंगाम उरकलेला.
रिकामे खोके मांगरात रचून ठेवलेले, पेंढा भुईवर.
सोमा घाडी, चाळीस वर्षं आंबा भरणारा,
माझ्या वर्तमानपत्रांच्या ढिगाकडे बघून
पानाची पिंक टाकून आला:
"ह्या कागदान काय होतला? कागद वाचूचो."

मग दोन दिवस आमचं घर
मुंबईच्या बाजारात जायचं असल्यासारखं भरलं गेलं.
खाली पेंढ्याची गादी, मधे पेंढ्याचीच भिंत,
कप देठाकडून वर.
कपाला देठ कुठला मामा?
"कान तोच देठ.
घट्ट नको, सैल नको. खोको हलवून बघ.
आवाज इलो तर परत भर."
मी हलवला. खोका गप्प.
मैथिलीची दहावी संपल्यापासून
इतकं गप्प आमच्या घरात काहीच नव्हतं.

विळीची धार त्यानं नारळाच्या सोडणात खुपसली.
आगळाच्या बाटल्यांच्या बुचांवर मेण ओतलं.
आरसा दोन गोधड्यांत, पण आडवा नाही, उभा न्यायचा:
"आजारी माणसाक निजवतत.
आरसो खंय आजारी आसा?"
यांनी मिक्सरचं भांडं कुकरात बरोब्बर बसवलं
आणि येईल त्याला झाकण काढून दाखवलं.
केरसुणी मागेच ठेवली. न्यायची नसते म्हणे.
कुणी सांगितलं आठवत नाही, पण नेली नाही.

अश्फाक सोलकरचा टेम्पो पहाटे सुटला.
प्रत्येक गतिरोधकाला माझी मूठ आवळायची,
तो म्हणायचा, ताई, सामान मागे आहे, तुम्ही पुढे आहात.
वेसवीच्या धक्क्यावर टेम्पो जंगलात चढला,
खाडीच्या मध्यावर सगळं घर
एका दोरीच्या भरवशावर हळूहळू डोललं.
मी कान दिला. आवाज नाही.

श्रीवर्धनात वाडीच्या तोंडाशी सामान उतरवलं.
प्रत्येक खोक्यावर छापलेलं: अस्सल देवगड हापूस.
आधी मुलं आली. मग दोन बायका.
मग एक गृहस्थ पिशवी घेऊनच,
"डझनाला काय लावलात? शेवटचा माल ना?"
मी म्हटलं, कप आहेत.
ते हसले. त्यांनी खोका हलवून पाहिला.
"वाजत तर नाही. भरलेलाच आहे की."

शेवटी ओटीवर बसून सगळ्यांदेखत फळी उचकटली.
पेंढा. पेंढ्यात कप.
एक, दोन, मुलं मोजायला लागली,
पाच.
खाली आंबा नव्हता.
सोमामामानं एखादा ठेवला असेल म्हणून
मी कोपऱ्यांतून हात फिरवला. दोनदा.

चूल लागायची होती, पण चहा झाला,
शेजारच्या मुरूडकर बाईंच्या शेगडीवर.
माणसं सात, कप पाच,
दोन त्यांनी आपले आणले.
एक परत गेला. एक राहिला आमच्यात,
काळ्या किनारीचा, आमच्या निळ्यांत.
त्या मागत नाहीत, मी आठवण करत नाही.
पुढल्या बदलीला द्यायचा की भरायचा,
ते अजून ठरवलेलं नाही.

पेंढा मात्र माळ्यावर टाकून ठेवलाय,
कोरडा.